पन्नास मीटरची दोरी

गेल्या वर्षी काजरी सांतराला शिवतला घाटासमोर पाण्यातून बाहेर काढलं, तेव्हा सकाळचे नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. हलुददांगा घाटावरून ती साडेसहाला निघाली होती. सतरा किलोमीटर झाले होते, शेवटचा बडोघाट अजून पाच किलोमीटर दूर होता. तिने होडीच्या काठाला हात लावला आणि नियमाप्रमाणे तिची स्पर्धा तिथेच संपली.

हात लावायचा हुकूम बीथिका समाद्दार यांचा होता. बीथिका समाद्दार म्हणजे मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई. वय चौसष्ट. अख्खं गाव त्यांना दीदीमणी म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. गेली सव्वीस वर्षं आमच्या भागीरथीवरच्या बावीस किलोमीटरच्या स्पर्धेत क्लबच्या होडीत बसून वेळ टिपायचं काम त्यांच्याकडे आहे. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक होडी असते. तिच्यात नावाडी, वेळ टिपणारं माणूस आणि समितीने पाठवलेला एक निरीक्षक. गेल्या वर्षी आणि यंदा तो निरीक्षक मी होतो, म्हणून हे लिहितो आहे.

दीदीमणींचा एक तक्ता होता. प्रत्येक घाटापासून पुढच्या घाटापर्यंतचं अंतर, आणि त्या टप्प्यात नदी ताशी किती वाहते याचा आकडा. घाट ओलांडला की त्या घड्याळ बघत, नदीचा वेग वजा करत, आणि पोहणारीचा स्वतःचा वेग काढत. शंभर मीटरला किती वेळ, एवढाच आकडा. काजरीचा आकडा दोन मिनिटं दोन सेकंद असायला हवा होता. दोन-पंधराच्या पुढे तो लागोपाठ दोनदा गेला, तर माणूस मोडतंय असं समजून बाहेर काढायचं, हा दीदीमणींचा स्वतःचा नियम. समितीचा नव्हे. पण त्यांच्या होडीतून कुणी बुडालेलं नाही, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

त्या दिवशी बाबलाबोना घाट ते शिवतला हे वीस मिनिटांचं अंतर कापायला काजरीला तेवीस मिनिटं लागली. त्याच्या आधीच्या टप्प्यातही ती मागे होती. दीदीमणींनी वहीच्या कडेला भागाकार केला. दोन-बेचाळीस. त्यांनी पुन्हा एकदा केला. तोच आकडा आला.

"काजरी, हात लाव."

"मी ठीक आहे, दीदीमणी."

"मोडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. हात लाव."

काजरीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हात लावला. इद्रिसभाईंनी, म्हणजे आमच्या नावाड्याने, तिला वर ओढलं.

पुढचं जे झालं त्यामुळे मला दीदीमणींविषयी लिहावंसं वाटलं. स्पर्धा रविवारी झाली. बुधवारी त्या समितीच्या कचेरीत आल्या आणि सगळ्या होड्यांच्या वेळांच्या चिठ्ठ्या मागितल्या. चार तास बसून त्यांनी त्या उतरवून घेतल्या. त्यांच्या स्वतःच्या वहीत वेळेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता, मिनिटाला किती हात पडतात याचा. काजरीचे हात होते अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. शेवटपर्यंत. मोडणाऱ्या माणसाचे हात असे पडत नाहीत.

"निरीक्षकबाबू, हे बघा," त्यांनी मला कागद दाखवला. "बाबलाबोना ते शिवतला. अकरा होड्या. अकराच्या अकरा जण तिथे तीन-तीन मिनिटं मागे पडलेत. एकाच दोन किलोमीटरमध्ये अकरा जण सारखेच थकतात का?"

"नदी मंद होती?"

"नदीला पाणी कमी होतं. मंद तीच वाहत होती, पोरगी नाही. नदीचा आकडा मी तक्त्यातून घेतला, तो सव्वीस वर्षांच्या सरासरीचा. त्या दिवशीचा नाही."

गुरुवारी क्लबच्या फळ्यावर एक कागद लागला. टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : काजरी सांतरा शिवतला घाटापाशी थकलेली नव्हती. शंभर मीटरला साधारण दोन मिनिटं एक सेकंद या वेगाने ती पोहत होती. तिला बाहेर काढणं ही चूक होती आणि ती माझी होती. खाली सही, तारीख आणि सगळं गणित.

क्लबचे सचिव गोराचांदबाबू धावत आले. "दीदीमणी, हा कागद काढा बुवा. क्लबची शोभा होतेय."

"माझी होतेय. राहू दे."

"निदान गणित तरी काढा. लोक तपासत बसतील."

"त्यासाठीच लावलंय."

काजरी तेव्हा तीस वर्षांची होती. रेशीम सोसायटीत धागा उलगडायचं आणि गुंडाळायचं काम करते, आणि पहाटे क्लबच्या दिघीत, म्हणजे मोठ्या तळ्यात, लहान मुलांना पोहायला शिकवते. स्पर्धेनंतर ती मुलांना शिकवायची, पण स्वतः गळ्यापर्यंतही पाण्यात उतरत नसे. कागद लागला त्या दिवशी ती फळ्यापुढे बराच वेळ उभी होती. मग दीदीमणींच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळलं.

"म्हणजे मी थकले नव्हते?"

"नव्हतीस."

"पण तुम्ही हात लाव म्हणालात आणि त्याच क्षणी माझे हात जड झाले. खरंच जड झाले, दीदीमणी. मला वाटलं, माझं शरीर मला खोटं सांगतं."

"खोटं मी सांगितलं. माफी मागते. पुढच्या वर्षी उतरशील?"

"तुमच्या होडीत?"

"नको असेल तर दुसरं कुणी बसेल."

"दुसऱ्या कुणी असा कागद लावला नसता," काजरी म्हणाली. "पण तक्ता आणायचा नाही."

तक्ता आणायचा नाही, मग वेग मोजायचा कसा, हा प्रश्न राहिला. दिघीत तो सोपा आहे. पाणी स्थिर, अंतर मोजलेलं. दीदीमणींनी तिला चारशे मीटर पोहायला लावलं, जितकं जोरात जमेल तितकं. सात मिनिटं आठ सेकंद. अर्धा तास बसवलं आणि मग दोनशे मीटर. तीन मिनिटं चोवीस सेकंद. पहिल्यातून दुसरं वजा केलं, उरलेल्याला दोनने भागलं. एक-बावन्न.

"ही तुझी कड," त्या म्हणाल्या. "यापेक्षा जोरात गेलीस तर दम उधारीवर घेतेस. शंभर मीटरला यापेक्षा दहा सेकंद जास्त घे, म्हणजे चार तास टिकशील. दोन-दोन. गेल्या वर्षीचाच आकडा आहे. शरीर तेच आहे, मोजणारी सुधारली पाहिजे."

नदीत मात्र काठावरची कुठलीच खूण धरून मोजता येत नाही. घाट मागे पडतो तो थोडा पोहण्यामुळे, थोडा नदीमुळे, आणि कुणामुळे किती हे घाट सांगत नाही. दीदीमणींना उत्तर जलपर्णीने दिलं. भाद्रपदात आमच्याकडे नदीत जलपर्णीचे पुंजके वाहत असतात. इद्रिसभाईंच्या होडीत बसून त्या एक दिवस नुसत्या ते पुंजके बघत राहिल्या. पुंजका पोहत नाही. नदी जेवढी जाते तेवढाच तो जातो. मग पोहणारी पुंजक्याला किती वेळात किती मागे टाकते, तोच तिचा खरा वेग. नदी भरलेली असो की आटलेली.

पुंजक्याला दोरी बांधता येईना, म्हणून नारळ आला. सुकलेला नारळ अर्धा पाण्यावर राहतो आणि वारा त्याला ढकलतो, त्यामुळे आकडे वाऱ्याबरोबर बदलत. मग इद्रिसभाई म्हणाले, "दीदीमणी, शहाळं घ्या ना. आतलं पाणी काढू नका. पोटात पाणी असलं की ते डोकंच तेवढं वर काढतं, म्हशीसारखं."

शहाळं जमलं. त्याला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधली, पन्नास मीटरवर लाल धागा. दोरी पतंगाच्या फिरकीवर गुंडाळली, म्हणजे ती सरसर सुटेल. होडी पोहणारीच्या खांद्याला खांदा लावून चालवायची. शहाळं पाण्यात सोडायचं, घड्याळ सुरू. ते नदीबरोबर राहतं, होडी पोहणारीबरोबर पुढे जाते, फिरकी फिरत राहते. लाल धागा हातात आला की घड्याळ बंद. दुप्पट केलं की शंभर मीटरचा आकडा.

दिघीत त्यांनी ही पद्धत मोजलेल्या अंतराशी ताडून पाहिली. पहिल्या महिन्यात चार सेकंदांचा फरक येत होता, कारण इद्रिसभाई होडी किंचित पुढे ठेवत. तिसऱ्या महिन्यात तो एका सेकंदावर आला. या काळात मी अधूनमधून जात असे. चौसष्ट वर्षांची बाई, कमरेला पदर खोचलेला, गळ्यात घड्याळ, हातात पोरांची फिरकी, आणि काठावर हसणारी माणसं. त्यांनी एकदाही काठाकडे पाहिलं नाही.

"दीदीमणी, पतंग पाण्यात उडवताय काय?" कुणीतरी ओरडे.

"हो. कटला की तुला देते," त्या वहीत बघत म्हणत.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी नदीवरच्या शेवटच्या सरावात नायलॉनची दोरी जलपर्णीत अडकून तुटली. गावात तशी दोरी मिळेना. दुकानदाराने सुती दोरी दिली, बारीक आणि पिळदार. दीदीमणींनी ती शाळेच्या लांब व्हरांड्यात पोलादी टेपने दोनदा मोजली आणि पन्नास मीटरवर लाल धागा बांधला.

रविवारी नदी काठोकाठ होती. साडेसहाला शिट्टी झाली आणि तेरा पोहणारे पाण्यात पडले. काजरीने पहिले दोनशे मीटर गर्दीतून वाट काढण्यात घालवले, मग आमची होडी तिच्या डाव्या अंगाला लागली. दर वीस मिनिटांनी शहाळं पाण्यात. दोन-दोन. दोन-तीन. दोन-दोन. दीदीमणी पाटीवर खडूने आकडा लिहीत आणि काजरी श्वासाला मान वळवे तेव्हा दिसेल अशी धरत. काजरी बघे आणि मान पुन्हा पाण्यात घाले. त्या दोघींत याहून जास्त बोलणं नव्हतं.

नदी जोरात असल्यामुळे घाट लवकर लवकर येत होते. जुना तक्ता दीदीमणींनी आणला नव्हता, पण गोराचांदबाबूंकडे त्याची नक्कल होती. ते समितीच्या मोटरबोटीतून फिरत होते. आठच्या सुमारास ते आमच्या जवळ आले.

"पाच मिनिटं पुढे आहे हो पोरगी!"

"नदी पुढे आहे," दीदीमणी म्हणाल्या. "पोरगी जिथे असायला हवी तिथेच आहे. लाटा उठवू नका, लांबून चला."

साडेआठला कुस्करलेलं केळं आणि ग्लुकोजचं पाणी द्यायचं ठरलं होतं. लांब काठीच्या टोकाला जाळी, जाळीत पेला. काजरी पाणी प्यायली, केळं तिने ढकलून दिलं. "नंतर," ती म्हणाली. मोटरबोटीवरची ओरड तिच्याही कानावर गेली होती. आपण पुढे आहोत हे तिला कळलं होतं. थांबावंसं वाटेना. दीदीमणींनी वहीत लिहिलं : केळं नाही.

आठ-पन्नासला, बाबलाबोना घाटापाशी, दोन-आठ. नऊ-दहाला शिवतला आला.

गेल्या वर्षी जिथे तिने हात लावला होता, तो घाट. इद्रिसभाईंनी वल्हं न थांबवता त्या पायऱ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. काजरीने पाहिलं की नाही, सांगता येत नाही. तक्त्यापेक्षा ती अकरा मिनिटं पुढे होती. गोराचांदबाबू मोटरबोटीत उभे राहून दोन्ही हात हलवत होते.

"विक्रम! दीदीमणी, ऐकलंत का? बायकांचा विक्रम तीन तास एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद! एकोणीस वर्षांचा! असंच चाललं तर आज तुटतोय! काजरी, थांबू नकोस गं माये, बिलकूल थांबू नकोस!"

काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. दीदीमणींनी शहाळं सोडलं. फिरकी फिरली. लाल धागा आला. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि आकडा लिहिला.

मी वाकून पाहिलं. दोन-चौदा.

"अकरा मिनिटं पुढे असताना?" मी विचारलं.

"नदी लोटतेय म्हणून कुणाला दिसत नाही. तिची ताकद जातेय." मग इद्रिसभाईंकडे वळून म्हणाल्या, "हात मोजा."

"त्रेपन्न."

"सकाळी अठ्ठावन्न होते." त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. "वीस मिनिटं थांबायचं नाही. दहा मिनिटांनी परत मोजू."

ती दहा मिनिटं मला लांब वाटली. काजरीचा उजवा हात पाण्यात पडताना आता आवाज करत होता. सकाळी करत नव्हता. नऊ-वीसला शहाळं पुन्हा पाण्यात गेलं. दोन-सतरा.

आता होडीत प्रत्येकाला माहीत होतं की काय बाकी आहे. आणखी एकदा दोन-पंधराच्या वर आकडा आला, तर दीदीमणींना त्यांच्याच नियमाने तिला पुन्हा बाहेर काढावं लागणार होतं. बडोघाट चार किलोमीटरवर होता. आणि या वेळी चूक नव्हती. आकडा खरा होता.

मोटरबोट जवळ आली. "काय झालं? मंद का केली होडी?"

"तिला थांबवतेय. खायला देणार आहे."

"आत्ता? वेडबिड लागलंय का? चार किलोमीटर राहिलेत! विक्रम हातात आहे!"

"विक्रम नदीच्या हातात आहे. पोरीच्या हातात त्रेपन्न आहेत."

"दीदीमणी, गेल्या वर्षीही तुम्हीच..." गोराचांदबाबूंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. पण ते सगळ्यांनी ऐकलं.

दीदीमणींनी पाटी पुसली. मला वाटलं, आता त्या काहीतरी बरा आकडा लिहितील. माणसाला धीर द्यायला लोक असं करतात. मी तीस वर्षं बातम्या लिहिल्या आहेत, पुष्कळांना करताना पाहिलं आहे. त्यांनी लिहिलं : २-१७. खाली हात ५३. त्याखाली : खा.

पाटी धरली. काजरीने मान वळवली, आकडा वाचला, आणखी दोन हात मारले, पुन्हा वाचला. मग ती थांबली. पाठीवर उताणी पडून तरंगत राहिली. छाती जोरात हलत होती.

"खरं?" एवढंच तिने विचारलं.

"खरं."

"मला तर उडतेय असं वाटत होतं."

"नदी उडतेय. तू थकलीयेस. या वेळी खरंच. केळं घे."

"विक्रम जाईल."

"जाईल."

काजरीने डोळे मिटले. नदी तिला आणि होडीला सारख्याच वेगाने खाली नेत होती, त्यामुळे दोरीने जवळ ओढलेलं शहाळं तिच्या शेजारीच तरंगत राहिलं. मग तिने हात पुढे केला. जाळीतून केळं गेलं, संदेश मिठाईचे दोन तुकडे गेले, ग्लुकोजचं पाणी गेलं. सगळं मिळून चार मिनिटं. मोटरबोटीवर गोराचांदबाबू डोक्याला हात लावून बसले होते.

"चाचा," काजरी तोंड पुसत इद्रिसभाईंना म्हणाली, "तुमचं शहाळं माझ्यापुढे चाललंय बघा."

"त्याने केळं आधी खाल्लं," इद्रिसभाई म्हणाले.

ती उलटली आणि पोहू लागली. नऊ-तीसला दीदीमणींनी फिरकी सोडली. लाल धागा आला. दोन-अकरा. हात छप्पन्न. दीदीमणींनी आकडा लिहिला, पाटीवर चढवला, आणि पहिल्यांदाच फिरकी मांडीवर ठेवून पाण्याने तोंड धुतलं. पुढचा आकडा दोन-आठ. त्याच्या पुढचा दोन-आठ.

बडोघाटाच्या पायरीला काजरीचा हात लागला तेव्हा बरोबर दहा वाजून वीस सेकंद झाले होते. तीन तास तीस मिनिटं वीस सेकंद. विक्रम चाळीस सेकंदांनी राहिला. तेरा जणांपैकी नऊ पोहोचले. न पोहोचलेल्यांतला एक जण आमच्या पुढे होता. शिवतल्यापर्यंत त्याच्याही होडीवर टाळ्या वाजत होत्या, आणि पुढे दीड किलोमीटरवर त्याचे हात थांबले. त्याला दोघांनी उचलून वर घ्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला.

काजरी पायरीवर टॉवेल गुंडाळून बसली होती, ओठ निळे, दात वाजत होते. तिची आई गरम दुधाचा पेला तिच्या तोंडाला लावत होती आणि मधेमधे तिच्याच डोक्यावर टपली मारत होती. दीदीमणी दोन पायऱ्या खाली बसून दोरी फिरकीवर गुंडाळत होत्या. काजरीने हात लांब करून दोरीचं टोक बोटांत धरलं आणि अंगठ्याने पीळ चोळला. दिवसभर धागा हाताळणाऱ्या माणसाची ती सवय.

"दीदीमणी, ही कुठली दोरी? आपली नायलॉनची कुठाय?"

"गुरुवारी तुटली. ही नवी."

"सुती आहे."

"हो."

"मोजलीत?"

"दोनदा. शाळेच्या व्हरांड्यात."

"कोरडी?"

दीदीमणींचे हात थांबले.

"सुती दोरी भिजली की आखडते," काजरी म्हणाली. तिचे दात अजून वाजत होते. "आमच्याकडे कामाला लागलेल्या नव्या पोरीलासुद्धा पहिल्या आठवड्यात हे सांगतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मी पाण्यात होते ना!"

दीदीमणी उठल्या. पिशवीतून पोलादी टेप काढला. घाटावर गर्दी होती, ढोल वाजत होता, गोराचांदबाबू हार घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, मला टेपचं एक टोक धरायला दिलं, आणि घाटाच्या लांब पायरीवर ओली दोरी ताणून मोजली. एकोणपन्नास मीटर साठ सेंटिमीटर.

त्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि वही उघडली. प्रत्येक आकडा एका सेकंदाने वाढत होता. दोन-दोन चे दोन-तीन. दोन-आठ चे दोन-नऊ. भराभर खाली उतरत त्या एका ओळीवर थांबल्या आणि पेन उचललं.

"काय झालं?" काजरीने विचारलं.

"नऊ-दहाचा आकडा. दोन-चौदा लिहिलाय."

"मग?"

"तो दोन-पंधरा आणि वर थोडासा होता." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि दोन-सतरा म्हणजे दोन-अठरा. लागोपाठ दोन. दोरी बरोबर असती, तर मी नऊ-वीसला तुला बाहेर काढलं असतं."

इद्रिसभाईंनी कोयता हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"मग आता काढता का?" काजरी म्हणाली. "हात लावू होडीला?"

पहिले इद्रिसभाई हसले, मग काजरीची आई, मग ती स्वतः, दूध सांडेपर्यंत. दीदीमणी हसल्या नाहीत. त्या वहीत लिहीत होत्या. मी निरीक्षक होतो, मला सही करायची होती, म्हणून ते पान माझ्यापुढे आलं. एकही जुना आकडा खोडलेला नव्हता. शेजारी दुसऱ्या रकान्यात सुधारलेले आकडे होते. त्याखाली चार ओळी : दोरी कोरडी मोजली. चूक माझी. या चुकीमुळे पोहणारीला थांबून खायला वेळ मिळाला आणि ती पोहोचली. दोन-पंधराचा नियम तपासायचा आहे. कदाचित तो चुकीचा असेल. आधी खायला द्यावं, मग मोजावं.

मी सही केली. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या वह्यांपैकी मी किती पाहिल्या, सांगता येणार नाही. पण स्वतःचा नियम मोडीत निघावा आणि त्याची नोंद त्याच तासात त्याच पानावर स्वतःच्या हाताने करावी, असं मी दुसऱ्या कुणाच्या वहीत पाहिलेलं नाही.

"दीदीमणी, आता तरी फोडू का हे शहाळं?" इद्रिसभाईंनी विचारलं. "पोरीला तहान लागलीय."

"थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी शहाळं हातात घेतलं, पायरीपाशी पाण्यात सोडलं, आणि ते किती वर राहतं ते वाकून पाहिलं. मग इद्रिसभाईंकडे दिलं.

"आता फोडा."

सोमवारी क्लबच्या फळ्यावर नवा कागद होता. गोराचांदबाबूंनी या वेळी तो काढायला सांगितला नाही. त्यांनी फक्त विचारलं, पुढच्या वर्षी दोरी कुणी मोजायची. कागदाच्या शेवटी ते लिहिलंच होतं : दोरी काजरी सांतरा मोजेल. ओली.